फोनला पाणी

लातूर उस्मानाबादेतून निघून स्वतंत्र जिल्हा झालं, त्यानंतरच्या दुष्काळी वर्षांतली ही हकीकत आहे. तेव्हा गावात चर्चेला दोनच विषय असायचे. कोणतं नवं ऑफिस कुणाच्या इमारतीत भाड्यानं आलं, हा एक, आणि नळ कधी येणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असायचं, दुसऱ्याचं खुद्द नळ सोडणाऱ्यालाही नाही.

आमची तुरीची दालमिल होती. एकाच आवारात पुढे आडतीची गादी, बाजूला मिल आणि मागे राहतं घर. कारभार थोरल्या चुलत्यांच्या हातात होता. त्यांना आम्ही आणि मोंढ्यातला अर्धा धान्यबाजार अप्पा म्हणायचा. वडील मिल बघत. मी नुकताच बी.कॉम. होऊन हिशेबाला बसलो होतो. आकड्यांची मला पहिल्यापासून खोड. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी पानं मोजून जिलबी पुरेल की नाही ते आधीच सांगून टाकतो, त्यामुळे माझ्या शेजारी बसायला कुणी फारसं राजी नसतं.

जिल्हा झाल्यापासून अप्पांच्या तोंडी एक वाक्य बसलं होतं, "आता आपण जिल्ह्याचं ठिकाण हाय." हमालांनी भिंतीवर तंबाखू थुंकायची नाही, कारण आता आपण जिल्ह्याचं ठिकाण आहे. गादीच्या लोडाशेजारी एक लोखंडी खुर्ची आली, कारण साहेब लोकांना मांडी घालता येत नाही. आणि याच न्यायानं एके दिवशी फोनचं मशीन घ्यायचं ठरलं.

तोपर्यंत आमच्याकडे फोनच्या दोन लाइनी होत्या आणि दोन्ही फोन अप्पांच्या उजव्या हाताशी. डायलच्या भोकात बारकं कुलूप, किल्ली बंडीच्या खिशात. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून वाट बघायची. कॉलचा आकार तीन मिनिटांचा पडायचा, पण अप्पा एका मिनिटात उरकायचे. लवकर ठेवला तरी आकार तेवढाच पडतो, हे मी त्यांना समजावून बघितलं. ते म्हणाले, "मग उरलेल्या येळात दुसरं काम व्हतंय की."

या घाईचा सगळ्यात जास्त त्रास मोठी आईला व्हायचा. मोठी आई म्हणजे अप्पांची बायको. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, नांदेडला दिलेली. ताईला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, पण तिच्या सासऱ्यांनी मोठ्या गोडीनं निरोप धाडला, की आमच्याकडे गोदावरी आहे आणि तुमच्याकडे टँकर, बाळंतिणीची धुणी कशानं धुवाल, पोरगी इथंच राहू द्या. म्हणणं खरं होतं, म्हणूनच ते मोठी आईला फार लागलं. "नदी बघून पोरगी दिली," ती म्हणाली, "आता नदीच पोरगी सोडंना."

पोरगी येणार नाही तर निदान तिच्याशी बोलावं, एवढंच तिचं मागणं होतं. पण फोन गादीवर. भोवती दलाल, हमाल, शेतकरी. तिथं जाऊन बाईमाणसानं काय विचारावं? म्हणून विचारायचे अप्पा. "ठीक हाय का? हाव. पाणी हाय का? हाव. ठेव." मग घराकडे तोंड करून ओरडायचे, "ठीक हाय म्हणती."

"आन काय म्हणाली?" आतून विचारणा व्हायची.

"ठीक हाय म्हणाली."

मशीन घेऊन इंजिनियर नांदेडहून एसटीनं आला. मशीन चादरीत गुंडाळून त्यानं मांडीवर धरलं होतं. टपावर टाकायचा त्याला धीर झाला नव्हता. बाहेरच्या दोन लाइनी मशीनला जोडायच्या आणि मशीनपासून आत सहा फोन काढायचे, असा बेत होता. बाहेरचा कॉल आधी अप्पांकडे वाजायचा, मग ते बटण दाबून ज्याला द्यायचा त्याला देणार. अप्पांच्या फोनला लाल दिव्यांची रांग होती. कोण बोलतंय ते दिव्यावरून कळायचं, आणि बटण दाबलं की बोलणंही ऐकू यायचं. ही दुसरी सोय ऐकून अप्पांनी चहा पुन्हा मागवला.

फोनची वाटणी झाली. एक गादीवर, एक मिलमध्ये, एक माझ्या टेबलावर, एक गोदामात, एक अप्पांच्या खोलीत. सहावा राहिला. मोठी आई दाराआड उभी होती. ती म्हणाली, स्वयंपाकघरात द्या.

"स्वयंपाकघरात फोन?" अप्पा म्हणाले. "भाकरी ट्रंक कॉलनं मागवायची हाय का?"

सगळे हसले. मोठी आईही हसली आणि आत निघून गेली. सहावा फोन पाहुण्यांच्या खोलीत बसवला. जिल्हा झालाय, साहेब लोक मुक्कामाला आले तर फोन नको का? त्या खोलीत तोवर एकही साहेब मुक्कामाला आला नव्हता. खाट होती, तिच्यावर तुरीची रिकामी पोती होती.

लाइनी जोडायला टेलिफोन खात्याचा लाइनमन आला. भिंतीवर एक छोटी डबी बसवली. डबीच्या अलीकडचं सगळं लाइनमनचं, पलीकडचं इंजिनियरचं. एकानं दुसऱ्याच्या स्क्रूला हात लावायचा नाही, असा कडक नियम होता आणि तो दोघंही इतका पाळायचे, की चुकून पलीकडे पडलेला पेचकसही परवानगी मागून उचलायचे.

शेवटी अर्थिंगचा खड्डा. तो स्वयंपाकघराच्या मागे, जुन्या मोरीशेजारी खणला. माणूसभर खोल खड्ड्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडे मिठाचे थर दिले, पाइपाचं तोंड वर उघडं ठेवलं आणि कुणी अडखळू नये म्हणून भोवती विटा रचल्या. इंजिनियरनं आमच्याच ड्रममधली बादली उचलून पाइपात ओतली. ती बादली खाली जाताना अप्पा असे बघत होते, जसं काही घरातलं माणूस जातंय.

"ह्याच्यात रोज थोडं तरी पाणी पडायला पाहिजे," इंजिनियर म्हणाला. "जमीन वली असली तर खरखर जमिनीत जाती. कोरडी पडली की ती फोनमधी येती."

"फोनला पाणी?"

"हाव."

"आन माणसाला?"

"ते तुमचं तुम्ही बघा, अप्पा. मी मशीनचा इंजिनियर हाय."

इंजिनियरची पाठ वळताच अप्पांनी घरात फर्मान काढलं, की ड्रममधलं थेंबभर पाणी त्या खड्ड्यात जाता कामा नये. फर्मान चुकीचं नव्हतं. तेव्हा आमच्या घरात बादलीभर पाणी चार जन्म घ्यायचं. अंघोळीचं पाणी परातीत साठवून कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं अंगणात शिंपडायला. डाळीच्या धुणवणीवर म्हशीचा हक्क. फोन या रांगेत कुठेच बसत नव्हता.

पण मशीन चालू राहिलं. इतकं स्वच्छ, की हैदराबादचा व्यापारी पान चघळतोय ते ऐकू यायचं. अप्पांना तर खेळणंच मिळालं. मी त्यांच्यासमोर, हाकेच्या अंतरावर बसायचो, तरी ते माझा फोन वाजवून विचारायचे, "कुठून बोलतोस?" मी म्हणायचो, तुमच्या समोरून. ते समाधानानं मान हलवायचे. इंजिनियर पुन्हा बघायला आला तेव्हा त्यानं खड्ड्यात पाणी घालता ना, म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले, "एक थेंब न्हाई. आमच्या जमिनीतच वल हाय." ज्या जमिनीतली विहीर तळाला जाऊन भेगाळली होती, तिच्याबद्दल ते हे बोलत होते.

मग ताईचं डोहाळजेवण आलं. मोठी आई नांदेडला गेली आणि लेकीजवळ थोडी जास्तच राहिली. ती गेल्यावर काही दिवसांनी फोनमध्ये भुंगा शिरला. आधी बारीक, मग असा, की भाव सांगणारा माणूस मोहोळात तोंड घालून बोलतोय असं वाटावं.

लाइनमन आला. त्यानं मशीन सोडवलं आणि बाहेरच्या लाइनीला आपला साधा फोन लावला. आवाज स्वच्छ. तो म्हणाला, खोट मशीनमध्ये आहे. इंजिनियर आला. त्यानं बाहेरची लाइन सोडवली आणि गादीवरून गोदामात फोन केला. आवाज स्वच्छ. तो म्हणाला, खोट लाइनीत आहे. दोन्ही जोडलं की भुंगा हजर. वडील मिलमधून येऊन हे बघत होते. ते म्हणाले, "सोयरिकीसारखं हाय. दोन्ही घरं चांगली, एकत्र आणली की कुरकुर."

इंजिनियरनं परत पाण्याची गोष्ट काढली. अप्पांनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. आधीही पाणी घालत नव्हतो आणि आताही घालत नाही. मग आधी चाललं ते आता का चालू नये? हिशेबाच्या माणसाला हे म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. मी त्यावर बराच विचार केला आणि माझं डोकं भुंग्यासारखंच वाजायला लागलं.

मोठी आई परत आली आणि दोन-तीन दिवसांत भुंगा आपोआप गेला. लाइनमन म्हणाला, मी खांबावरचा जोड आवळला होता. इंजिनियरनं निरोप धाडला, मी आतला एक भाग बदलला होता. अप्पांनी दोघांनाही डाळ दिली.

मला मात्र चैन पडेना. काहीच बदललं नसताना बिघाड येतो आणि आपोआप जातो, असं कधी नसतं. अशात एका सकाळी मी मागच्या अंगणात दात घासत उभा होतो. मोठी आई तांब्याचा गडवा घेऊन बाहेर आली, खड्ड्याशी वाकली आणि गडव्यातलं पाणी बारीक धारेनं पाइपात ओतलं.

"मोठी आई, हे काय करून राहिलीस?"

"पूजेचं पाणी हाय. कुठं टाकू मग? तुळस वाळून गेली. पायदळी तर येऊ द्यायचं न्हाई. हितं विटा हायत, कुणाचा पाय पडत न्हाई."

आम्ही लिंगायत, घरात अंघोळ झाली की प्रत्येक जण आपापल्या गळ्यातल्या लिंगाच्या पूजेला बसतो. अप्पांपासून माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत सगळ्यांच्या पूजेचं पाणी मोठी आई एका गडव्यात गोळा करायची. त्या पाण्यानं फरशी पुसता येत नाही, म्हशीला पाजता येत नाही. घरातलं तेवढं एकच पाणी होतं, ज्याला दुसरा जन्म नव्हता. आणि त्यातली पहिली ओंजळ अप्पांची होती. ज्यांनी फोनला थेंब द्यायचा नाही म्हणून सांगितलं, तेच रोज सगळ्यांच्या आधी देत होते.

मी मोठी आईला अर्थिंग समजावून सांगितलं. लोणच्याची नवी रीत ऐकावी तसं तिनं मन लावून ऐकलं.

"म्हंजे मी नांदेडला गेले तवा बिघडला तो ह्याच्यापायी?"

"हाव. तुझ्या मागं आईनं ते पाणी कुठं टाकलं?"

"खड्ड्याशी वाकायला ती भेती, म्हणून तिला मी लिंबाच्या बुडाशी टाक म्हणलं होतं." ती थोडी थांबली. "आन हे कुणाकुणाला ठावं हाय?"

"तुला आन मला."

तिनं गडवा पालथा करून शेवटचा थेंब पाइपात झटकला. "मग ऱ्हाऊ दे दोघांतच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पूजेचं पाणी मिलच्या कोपऱ्यातल्या लिंबाला जाऊ लागलं. तिथंही पार होता, पाय पडत नव्हता. धर्माला धक्का नव्हता. धक्का फक्त फोनला होता. तो लिंब लांब होता आणि मोठी आईचे गुडघे दुखायचे; पण त्या आठवड्यात गुडघ्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

भुंगा आला. आला तो नेमका तुरीचे भाव रोज हलत होते तेव्हा. अप्पा फोनमध्ये ओरडायचे, पलीकडचा ओरडायचा आणि मधला भुंगा दोघांना खाऊन टाकायचा. लाइनमन येऊन गेला. इंजिनियर आला, पण या वेळी त्यानं पेचकस बाहेर काढलाच नाही. तो म्हणाला, आधी माझ्यासमोर बादलीभर पाणी ओता, मग बोलू. अप्पांनी नाइलाजानं ड्रममधून बादली भरू दिली. बादली ओतली. सगळ्यांनी चहा घेतला. चहा संपेपर्यंत भुंगा निम्म्यावर आला आणि दुपारी गेला.

आता अप्पा अडचणीत आले. रोज ड्रममधून पाणी काढायचं, तर आपलंच फर्मान आपण मोडायचं. काढायचं नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणी भुंगा. ते लोडाला टेकून बसले आणि दाराआडून मोठी आईचा आवाज आला.

"पाणी मी घालते रोज. ड्रमातलं थेंबभर न घेता."

"कुठून आणशील?"

"ते माझ्याकडं लागलं. पर त्या पाव्हण्याच्या खोलीतला फोन स्वयंपाकघरात यायला पाहिजे."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी बेरजेत बुडालो होतो. बेरीज तेव्हा समोर नव्हती, तरी बुडालो होतो.

"आन पाव्हणा आला तर?" अप्पा म्हणाले.

"त्याला भाकरी लागंलच की. खायला आला की बोलंल."

गादीवरचे सगळे हसले. अप्पा हसले नाहीत, पण त्यांनी इंजिनियरला हातानं आत जायची खूण केली. संध्याकाळच्या भाकरी थापायच्या आत स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी फोन बसला होता.

त्यानंतर नांदेडचा कॉल आला की अप्पा बटण दाबून आत द्यायचे. रिसीव्हर मात्र ठेवायचे नाहीत. त्यांना तपकिरीची सवय होती. मायलेकी बोलायला लागल्या की मधेच कुठूनतरी नाक ओढल्याचा आवाज यायचा. हे मला कसं माहीत, असं कुणी विचारील. माझ्या टेबलावरही एक फोन होता आणि इंजिनियरनं मला सगळी बटणं नीट समजावली होती, एवढंच सांगतो.

ताई आधी आईशीसुद्धा ठीक हाय, ठीक हाय असंच बोलायची. सवय लागली होती. पण मोठी आई अप्पांसारखी ठेव म्हणत नव्हती. काय खाल्लंस, झोप लागती का, कोणत्या कुशीवर निजतीस, असं एकेक विचारत जायची. शेवटी एका दुपारी ताई बोलली.

"अप्पांना ठीक हाय म्हणत व्हते, आई. पर पाय लई सुजलेत. चपला व्हईनात. डोळ्यापुढं अंधारी येती, डोकं ठणकतंय. सासूबाई म्हणतेत पहिलटकरणीला व्हतंच."

"डाक्टरला दाखवलं का?"

"पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणतेत."

नाक ओढल्याचा आवाज आला. ताई दबक्या आवाजात म्हणाली, "आई, अप्पा ऐकून राहिलेत."

"ऐकू दे," मोठी आई म्हणाली. "ऐकाया तर पाहिजे त्यांनी."

मी माझ्या टेबलावरून अप्पांकडे बघत होतो. तपकिरीची चिमूट त्यांच्या बोटांत तशीच राहिली होती. समोर एक शेतकरी पोत्याचा नमुना हातात घेऊन उभा होता. त्याला त्यांनी बस म्हणून खुणावलं. मग एवढे दिवस फक्त नाक ओढणारे अप्पा फोनमध्ये बोलले.

"पुढचा आठवडा न्हाई. आज जायचं डाक्टरकडं. तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, अप्पा जीप घेऊन येऊन राहिलेत." पुढचं सवयीनं निघालं, "ठेव." आणि लगेच, "न्हाई, ठेवू नको. आईशी बोल."

जीप निघाली तेव्हा मोठी आई मागे बाजरीच्या पिठाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नांदेडमध्ये पीठ मिळत नाही अशी तिची समजूत होती. अप्पांनी मला खिडकीशी बोलावलं. मला वाटलं गादीचं काही सांगणार.

"सकाळचं पूजेचं पाणी मागच्या पाइपात पडायला पाहिजे," ते म्हणाले. "आता तूच घाल."

मी मोठी आईकडे बघितलं. ती पिशवीची गाठ तपासत होती.

"अप्पा, तुम्हाला ठावं होतं?"

"माझ्याच पूजेचं पाणी कुठं जातंय ते मला ठावं नसंल व्हय?" अप्पा म्हणाले. "लिंबाला गेलं ते बी बघितलं." आणि ड्रायव्हरला चल म्हणाले.

डॉक्टरांनी रक्तदाब बघून ताईला त्याच दिवशी दवाखान्यात ठेवून घेतलं. आठवडाभर थांबलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी अप्पांना स्पष्ट सांगितलं. अप्पांनी ते आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही इकडे वाट बघत होतो. मी रोज सकाळी गडवा घेऊन खड्ड्याशी जात होतो. बी.कॉम. झालेला माणूस फोनला पाणी पाजतोय म्हणून गोदामातले हमाल पोत्यांच्या थप्पीमागून बघायचे आणि एकमेकांना कोपरं मारायचे. हसू दे, मी म्हणायचो मनात, लाइन स्वच्छ राहायला पाहिजे.

मग एका सकाळी गादीवरचा फोन वाजला. मी उचलला. नांदेडहून अप्पा होते.

"आवाज साफ येतोय का?"

"लई साफ."

"पाणी घातलंस?"

"घातलं, अप्पा. काय झालं तिकडं?"

"स्वयंपाकघरात दे."

"अप्पा, मला सांगा तर."

"स्वयंपाकघरात दे म्हणलं ना."

मी बटण दाबून दिला. आत माझ्या आईनं पिठाच्या हातानं उचलला असणार, कारण आधी रिसीव्हर कशावर तरी आपटला. मी माझा रिसीव्हर ठेवला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. पण अप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. ताईच्या पायाची सूज उतरली, आज तिनं भात खाल्ला, पोरीचं कपाळ मोठी आईवर गेलंय, केस आहेत, आवाज मिलच्या भोंग्यासारखा आहे, असं एकेक ते सांगत राहिले. आई मधून मधून नुसतं "आगं बाई" म्हणत होती. तीन मिनिटं संपली. एक्स्चेंजमधल्या बाई मध्येच बोलल्या, "वेळ संपली. वाढवायची का?"

मी सवयीनं घड्याळाकडे बघितलं.

"वाढवा," अप्पा म्हणाले.